पालक मेळाव्यातली भाषणे पुरेत, पालकांना सरावाची जागा हवी

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरील लैंगिक अत्याचाराची घटना उघडकीस आली, तेव्हा राज्यभर जो संताप उसळला तो रास्त होता. शाळांमधले सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेट्या, विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्या यांवर त्यानंतर आपल्या वृत्तपत्रासह सर्वत्र भरपूर लिहिले गेले, आणि ते लिहिले जायलाच हवे होते. त्यानंतर वर्ष व्हायच्या आत, जून 2025 मध्ये, सांगली जिल्ह्यात नीटच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून वडिलांनी केलेल्या मारहाणीनंतर एका 17 वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाल्याची बातमी आली. वडील स्वतः शिक्षकी पेशातले होते. या बातमीवर हळहळ व्यक्त झाली, परीक्षांच्या ताणावर चार लेख आले आणि विषय मिटला. मोर्चा निघाला नाही, कोणी कसली समिती मागितली नाही. घराच्या उंबऱ्याच्या आत मुलाला जे सोसावे लागते त्याकडे आपण समाज म्हणून कसे पाहतो, हे या दोन प्रतिक्रियांमधल्या फरकावरून कळते, आणि त्याविषयीच हे पत्र आहे.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये बालकांवरील अत्याचारांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून तो केलेला होता आणि त्यात महाराष्ट्र व गोवा ही दोन्ही राज्ये होती. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक अत्याचार सोसल्याचे त्यात आढळले. कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी 88.6 टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. हा अभ्यास आता जुना झाला आहे हे मान्य. पण युनिसेफने 2024 मध्ये जगभरातल्या पाच वर्षांखालील मुलांविषयी जे आकडे दिले, तेही काही वेगळे सांगत नाहीत. जवळपास 40 कोटी मुले, म्हणजे दर दहांपैकी सहा, घरात नियमितपणे मार खातात किंवा अपमान आणि धमक्या सोसतात. त्यांतल्या सुमारे 33 कोटींना प्रत्यक्ष शारीरिक शिक्षा होते. पाच वर्षांखालच्या, म्हणजे ज्यांतल्या अनेकांना अजून धड बोलताही येत नाही अशा मुलांविषयी आपण बोलतो आहोत.

मी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पर्यवेक्षिका म्हणून मराठवाड्यात नोकरी केली. अंगणवाड्यांच्या भेटींत, पोषण आहाराच्या नोंदी तपासताना, लसीकरणाच्या दिवशी ओट्यावर बसलेल्या बायकांमध्ये जी वाक्ये कानावर पडायची ती ठरलेली असायची. "मार खाल्ल्याबिगर वळण लागत नाही", "आम्ही नाही का मार खाऊनच मोठे झालो", "एक रट्टा दिला की गप बसतंय". ही वाक्ये बोलणारी माणसे क्रूर नव्हती. मुलाला ताप आला तर रात्रभर मांडीवर घेऊन बसणारी आणि दवाखान्यासाठी कानातले गहाण टाकणारी हीच माणसे होती. मार पडण्याची वेळही बहुधा ठरलेली असे. दिवसभर रानात राबून आलेली बाई चुलीपुढे बसलेली, नळाला पाणी यायची तीच वेळ, सासू काहीतरी टाकून बोललेली, नवरा पिऊन येणार की कसा याचा घोर, आणि त्यात तीन वर्षांचे पोर पदर ओढून ओढून रडत असलेले. अशा वेळी पाठीत बसणारा धपाटा त्या पोराच्या चुकीसाठी नसतोच. तो दुसऱ्या कोणावर तरी उगारता न आलेला हात असतो. हे एकदा लक्षात आले की "मुलांना मारू नका" एवढे लिहिलेल्या फलकाने काय होणार आहे, याचा अंदाज येतो.

कायदा नाही असे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ 2009 मध्येच बेकायदा ठरवला. 2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 75 मुलाचा ताबा असलेल्या कोणाही व्यक्तीच्या क्रूरतेला लागू होते, आणि त्यातून आईवडील सुटत नाहीत. मात्र घरातल्या रोजच्या माराला मनाई करणारे स्पष्ट कलम आपल्याकडे अजून नाही. उलट जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम 89 भारतीय न्याय संहितेत कलम 27 म्हणून जवळजवळ जसेच्या तसे आले आहे. 12 वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्‌हेतूने केलेल्या कृतीला ते पालकांना संरक्षण देते, आणि "हितासाठी" या शब्दाखाली काय काय खपून जाते हे सांगायला नको. ही पळवाट बंद व्हायला हवी असे माझे मत आहे. तरीही ज्या घरात आईच मारते आणि रात्री तीच जवळ घेऊन निजते, त्या घरातले चार वर्षांचे मूल 1098 या बालमदतीच्या क्रमांकावर फोन करणार नाही. शेजारीणही करणार नाही, कारण तिच्याही घरात तेच चालू असते. स्वीडनने 1979 मध्ये घरातल्या मारावर बंदी आणली; असे करणारा तो जगातला पहिला देश. पण कायदा करून ते सरकार स्वस्थ बसले नाही. लहान मुले असलेल्या घरांत माहितीपत्रके पोचवली आणि दुधाच्या पुठ्ठ्याच्या डब्यांवरही हा मजकूर छापला, म्हणजे सकाळच्या न्याहारीला घरात त्यावर बोलणे निघेल. एवढ्या वर्षांनंतर आपल्याकडे त्या कायद्याचे कौतुक होते, दुधाच्या डब्यांची आठवण मात्र फारशी कोणाला नसते.

आपल्याकडे पालकांसाठी जे होते त्याचे नाव पालक मेळावा. मी स्वतः असे मेळावे भरवले आहेत, त्यामुळे त्यांचे स्वरूप चांगले ठाऊक आहे. अंगणवाडीपुढे रांगोळी, मागे फ्लेक्स, खुर्चीवर सरपंच आणि ग्रामसेवक, सतरंजीवर बायका, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे मार्गदर्शन, मुलांचे एक नृत्य, चहा, आणि मग सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे फोटो. "मुले ही देवाघरची फुले" हे वाक्य अशा प्रत्येक मेळाव्यात मी ऐकले आहे. त्या फुलांनी संध्याकाळी सहा वाजता मोबाइलसाठी भोकाड पसरल्यावर आईने नेमके काय करायचे, हे मात्र कोणत्याच पाहुण्याच्या भाषणातून कळले नाही.

याला चांगले अपवाद आहेत आणि त्यांची नोंद न घेणे अन्यायाचे होईल. सेवाग्रामची महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था, युनिसेफ आणि राज्याचा बालविकास विभाग यांनी मिळून उभ्या केलेल्या "आरंभ" उपक्रमात लहान बाळाशी बोलणे, खेळणे, घरातल्याच वस्तूंनी त्याला रमवणे हे पालकांना प्रत्यक्ष करून दाखवले जाते. तिथला पालक मेळावा भाषणांचा नसतो, खेळांचा असतो. केंद्र सरकारनेही 2024 मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी "नवचेतना" हा आराखडा आणला. ही दिशा योग्य आहे. परंतु या सगळ्याचा रोख मुलाच्या मेंदूच्या वाढीवर आहे. पालकाच्या रागाचे काय करायचे, हा प्रश्न त्यात अजून कडेलाच उभा आहे.

हा प्रश्न मध्यभागी ठेवून केलेले काम जगात झालेले आहे आणि ते श्रीमंत देशांतच झाले आहे असेही नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात, जिथे दारिद्र्य, एचआयव्ही आणि हिंसा या तिन्हींचे ओझे एकाच घरावर असते, तिथे "सिनोवुयो टीन" नावाचा कार्यक्रम 40 गावे-वस्त्यांमध्ये 552 कुटुंबांबरोबर तपासून पाहिला गेला. त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एक बैठक, अशा 14 बैठका. पालक आणि वयात येणारी मुले त्यांत बसायची. बैठका घेणारी माणसे त्याच भागातली होती, बाहेरून आलेले मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. आधी एकत्र जेवण, मग बोलणे. एखादे कुटुंब येऊ शकले नाही तर कार्यकर्ता त्या आठवड्याचा विषय घेऊन त्यांच्या घरी जायचा. मला या आखणीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो विषयांचा क्रम. शिस्त, नियम, शिक्षा हे पहिल्या दिवशी नाहीच. सुरुवात मुलाबरोबर थोडा वेळ घालवण्यापासून, त्याने चांगले केलेले लक्षात घेऊन तसे बोलून दाखवण्यापासून, मग स्वतःचा राग ओळखण्याकडे आणि आवरण्याकडे, आणि त्यानंतर घरातले नियम. पुढे घरखर्चाचा हिशेब आणि बचत हेही विषय होते. कारण ज्या घरात महिनाअखेरीस पीठ संपते, तिथे संयमाचे धडे एका मर्यादेपर्यंतच चालतात, हे कार्यक्रम आखणाऱ्यांना ठाऊक होते.

निष्कर्ष असे की, पालकांच्या सांगण्यानुसार मुलांशी होणारे गैरवर्तन आणि मारहाण यांत मोठी घट झाली, मुलांकडे लक्ष देणे वाढले, पालकांचे मनःस्वास्थ्य सुधारले, व्यसनही काहीसे कमी झाले. मुलांच्या वर्तनाच्या तक्रारींत मात्र म्हणावा तसा फरक पडला नाही. शिवाय मारहाण कमी झाली हे मारणाराच सांगतो आहे, तेव्हा ते किती धरावे असे कोणी विचारले तर तो आक्षेप मला रास्त वाटतो. म्हणून मी याला जादूची कांडी म्हणत नाही. पण आपल्या कोणत्या पालक मेळाव्याची आपण एवढ्या काटेकोरपणे तपासणी केली आहे? उपस्थितीची स्वाक्षरी यापलीकडे आपल्याकडे मोजमाप नाही. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि काही विद्यापीठांनी मिळून तयार केलेली या प्रकारची पालक-प्रशिक्षणाची साधने विनामूल्य उपलब्ध आहेत आणि पालकांना आधार देणे हा बालहिंसा रोखण्याच्या सात मार्गांपैकी एक मार्ग म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनेच 2016 मध्ये मांडला आहे. फिलिपिन्सने तर गरीब कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या आपल्या सरकारी योजनेतच असा कार्यक्रम बसवला. तेव्हा साधनांसाठी आपले अडत नाही.

अडते ते सरावापाशी, आणि सराव म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते एका प्रसंगावरून सांगते. एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने आमच्या भागातल्या एका वस्तीवर मातांचा छोटा गट चालत असे. त्यात एका बैठकीत सुलभक, म्हणजे गट चालवणाऱ्या, ताईंनी दोघींना पुढे बोलावले. एकीने आई व्हायचे, दुसरीने चार वर्षांची मुलगी. पहिल्यांदा घरात रोज होते तसेच करून दाखवायचे. "मुलगी" झालेली बाई "मोबाइल दे, मोबाइल दे" करत जमिनीवर लोळायला लागली, सगळ्या खोखो हसल्या, आणि "आई"ने लटकेच उलथने उगारले. ते उगारल्याबरोबर खाली लोळणाऱ्या बाईने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि ती क्षणभर तशीच राहिली. तिला लागणार नव्हते हे तिला ठाऊक होते, तरी हात आपोआप वर गेले. हसणे थांबले. मग ताईंनी तिला विचारले, "आत्ता काय वाटलं?" ती म्हणाली, "मोबाइल पार इसरले मी. निसतं आता कुठं बसंल एवढंच दिसत होतं." मुलाला मारून काय शिकवले जाते यावर तासभराचे व्याख्यान देऊन जे पोचले नसते ते त्या वाक्याने पोचले.

पण त्या बैठकीचे खरे काम त्यानंतर सुरू झाले. हाच प्रसंग पुन्हा, वेगळ्या रीतीने करायचा. तवा खाली उतरवायचा, मुलीच्या उंचीला बसायचे, "तुला मोबाइल हवाय, मला कळलं, एवढ्या दोन भाकरी होऊ दे, मग तू अन् मी मिळून बघू" असे सांगायचे आणि हातात पिठाचा एक गोळा द्यायचा. पहिल्या प्रयत्नात "आई"चा आवाज वरच चढला, दुसऱ्यांदा तिला वाक्यच सुचेना. "आमच्यात असं बोलत्यात व्हय?" म्हणून एक आजी कुरकुरल्या. ताईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. "मग तुमच्यात कसं बोलतील ते तुम्ही सांगा आजी," असे म्हणून त्यांनाच पुढे बोलावले. पुढच्या आठवड्यात कोणी काय करून पाहिले आणि कुठे फसले, याच्या गप्पांनी बैठक सुरू झाली. ज्यांचे फसले होते त्यांना कोणी दोष दिला नाही, आणि म्हणून त्या खरे बोलल्या. पोहायला शिकवायचे तर विहिरीत उतरावेच लागते, काठावरून भाषण देऊन भागत नाही.

हे काम साध्या, सातवी-दहावी शिकलेल्या गावातल्या बायकांना जमेल का, अशी शंका अधिकारी वर्गात मी नेहमी ऐकली आहे. महाराष्ट्राने तरी ही शंका काढू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेने 39 गावांमध्ये गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले आणि बालमृत्यूंत झालेली घट 1999 मध्ये "लॅन्सेट"मध्ये प्रसिद्ध होऊन जगापुढे आली. पुढे हीच पद्धत देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली. त्याच्याही कितीतरी आधी, 1945 मध्ये, ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, नंतर कोसबाडला गेल्या, आणि अनुताई वाघांना बरोबर घेऊन त्यांनी आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना धाक-दंडाशिवाय शिकवून दाखवले. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. देशाने अंगणवाडी घेतली ती या कामातून. आता त्याच अंगणातून पालकांपर्यंत जायचे म्हटले तर ते आपल्याला परके का वाटावे?

जमैकाचे उदाहरणही इथे देते, कारण ते फार लांबवर तपासले गेले आहे. किंग्स्टन शहरात 1986-87 मध्ये वाढ खुंटलेल्या 129 मुलांपैकी काहींच्या घरी आरोग्य सेविका दोन वर्षे दर आठवड्याला जात. टाकाऊ वस्तूंची खेळणी नेत आणि आईला मुलाशी कसे खेळायचे, कसे बोलायचे ते करून दाखवत. ही मुले विशीत गेल्यावर पुन्हा शोधली, तेव्हा ज्यांच्या घरी या भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती आणि मारामारीसारख्या हिंसक वर्तनात ती कमी अडकली होती. आपल्याकडे आशाताई बाळाच्या पहिल्या 42 दिवसांत सहा-सात वेळा घरी जातात आणि 2018 पासून 3, 6, 9, 12 आणि 15 व्या महिन्यातही भेट देतात. म्हणजे घराचे दार आधीच उघडलेले आहे. त्या भेटीत वजन आणि लोहाच्या औषधाबरोबर "बाळ रात्री रडतं तेव्हा तुम्ही काय करता? फार राग आला तर कोणाच्या हातात देता?" एवढे दोन प्रश्न विचारायला वेगळी योजना लागत नाही. ते कसे विचारायचे याचे प्रशिक्षण लागते.

आतापर्यंत मी आईविषयीच लिहीत आले, आणि कार्यक्रमही बहुतेक आईपाशीच थांबतात. हे बरोबर नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात साधारण चारपैकी एका विवाहित स्त्रीने नवऱ्याची हिंसा सोसलेली आहे. त्याच घरात मूल वाढते, ते पाहते, आणि पुष्कळदा दोन्हीकडून मार खाते. बाप येत नाही तोवर आईला "शांत राहा" सांगणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक हंडा ठेवणे. रवांडात "बांडेबेरेहो" नावाच्या कार्यक्रमात नव्याने बाप झालेल्या वा होऊ घातलेल्या पुरुषांचे गट चालवले, काही बैठकांना जोडीने बोलावले आणि जवळपास 1,200 जोडप्यांच्या अभ्यासात बायकोवरची मारहाण आणि मुलांना होणारी शारीरिक शिक्षा, दोन्ही कमी झाल्याचे दिसले. आपल्याकडेही पुरुषांशी या विषयावर बोलता येते हे मुंबईत 1993 पासून काम करणाऱ्या "मावा" या संघटनेने दाखवले आहे. फक्त दुपारी दोन वाजता अंगणवाडीत बोलावून बाप येणार नाहीत. दूध संकलन केंद्रावर, रात्री पारावर, गणेश मंडळाच्या मांडवात, जिथे ते असतात तिथे जावे लागेल, आणि बोलणारा पुरुष असावा लागेल. आमच्या भागात हरिनाम सप्ताहाला जेवढे पुरुष रोज बसतात तेवढे कोणत्याही सरकारी कार्यक्रमाला मी पाहिलेले नाहीत. तेव्हा ते कुठेच जमत नाहीत, असे कोणी म्हणू नये.

मराठवाड्यात आणखी एक अडचण आहे जी मुंबई-पुण्यात बसून आराखडे करणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडणीची कुटुंबे गाव सोडतात आणि थेट उन्हाळ्यात परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. पहाटे अंधारात फडात जायचे, तान्हे बाळ उसाच्या पाचटावर, चार वर्षांचे मूल दोन वर्षांच्याला सांभाळणार. काही मुले आजी-आजोबांपाशी गावात राहतात. त्यांच्या घरी पालक म्हणजे सत्तरीची आजी. 14 आठवड्यांचा सलग कार्यक्रम नोव्हेंबरात सुरू केला तर ज्यांना तो सर्वांत जास्त हवा तेच गैरहजर राहणार. म्हणून इथले वेळापत्रक पावसाळ्यात बसवले पाहिजे, आजीला पालक म्हणून बोलावले पाहिजे, आणि साखर कारखान्यांच्या तळांवर आरोग्य तपासणीला पथक जाते तेव्हा त्यात सुलभकही असला पाहिजे.

आता आक्षेप. "मारले नाही तर पोरे लाडावतील" हा सर्वांत मोठा. मार आणि लाड यांच्या मध्ये काहीच नसते, असे त्यात गृहीत धरलेले असते. या गटांमध्ये नियम शिकवले जातात, नियम मोडल्यावर काय होईल तेही शिकवले जाते. सायकल रस्त्यावर नेली तर उद्या सायकल नाही, हे शांतपणे सांगून दुसऱ्या दिवशी खरेच तसे करणे धपाट्यापेक्षा पुष्कळ अवघड असते. दुसरा आक्षेप, हे सारे अडाणी गरिबांसाठी आहे. पत्राच्या सुरुवातीला दिलेली बातमी पुन्हा वाचावी. लातूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर इथल्या क्लासच्या रांगांत उभे असलेले सुशिक्षित पालक मुलाला हात लावत नसतील कदाचित, पण "तुझ्यावर किती लाख घातले माहीत आहे का" हे वाक्य ज्या स्वरात तिथे ऐकू येते तो स्वर मला वस्तीवरच्या रट्ट्यापेक्षा सौम्य वाटत नाही. शहरांत अंगणवाडी या वर्गापर्यंत पोचणार नाही. तिथे पालक-शिक्षक संघांनी हे काम अंगावर घ्यावे.

तिसरा आक्षेप मी स्वतः घेते आणि तो सरकारला उद्देशून आहे. हे काम सेविकेच्या डोक्यावर फुकट टाकू नका. राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. त्यांतली सेविका सकाळी आहार शिजवून घेते, पूर्वशालेय शिक्षण देते, दुपारी पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपमध्ये माहिती भरते आणि नेटवर्क नसले की टेकडीवर जाऊन भरते. सर्वेक्षण आणि लसीकरण वेगळेच. मानधनासाठी डिसेंबर 2023 पासून जवळपास दोन महिने त्यांना संपावर राहावे लागले. अशा बाईला एक दिवसाचे प्रशिक्षण, एक पुस्तिका आणि एक नवे रजिस्टर देऊन "आता पालकांचा राग आवरायला शिकवा" असे सांगणे ही थट्टा होईल. हे काम करणाऱ्या व्यक्तीला दर बैठकीमागे वेगळे मानधन मिळाले पाहिजे, तिच्या पाठीशी दर महिन्याला बोलायला अनुभवी माणूस असला पाहिजे, आणि वाटल्यास सेविकेऐवजी बचत गटातली एखादी समंजस बाई किंवा निवृत्त शिक्षक यांना तयार करावे. पैशांचा प्रश्न निघाला की सांगते: ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. ती कुठे शिलाई यंत्रांवर, कुठे अंगणवाडीच्या रंगरंगोटीवर खर्च होते, आणि पुष्कळ ठिकाणी पडूनच राहते. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर बहुतेक गावांत आहे. तिच्या बैठकीत या रकमेतून वर्षाला पालकांचे दोन गट चालवण्याचा ठराव करायला मंत्रालयाच्या परवानगीची गरज नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. पालकांचा गट ही विश्वासाची जागा आहे, हेरगिरीची नव्हे. कोण मारते त्याची यादी तालुक्याला जाते आहे अशी कुणकुण लागली, की दुसऱ्या आठवड्यात सतरंजी रिकामी. त्याच वेळी सुलभकाला हेही नीट ठाऊक असले पाहिजे की काही गोष्टी गटात ठेवायच्या नसतात. मुलाच्या अंगावर भाजल्याच्या खुणा असतील, हाड मोडलेले असेल, तर विषय बाल कल्याण समितीकडे गेलाच पाहिजे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना देणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, तिथे "घरातले घरात मिटवू" म्हणणाऱ्यांचे ऐकायचे नाही. धपाटा आणि छळ यांतला फरक, आणि तो कधी पुसट होतो, हे प्रशिक्षणात उदाहरणांसह शिकवावे लागेल. आमच्या नोकरीत हे कोणी शिकवले नव्हते. आम्ही सेविका-पर्यवेक्षिका आपापल्या अंदाजाने वागत होतो.

महिला व बालविकास विभागाने प्रत्येक जिल्ह्यात एका तालुक्यापासून सुरुवात करावी असे मी सुचवते. मराठवाड्यातल्या आणि अहिल्यानगरच्या ऊसतोड तालुक्यांत जून ते सप्टेंबर या काळात बैठका व्हाव्यात, निम्म्या गावांत यंदा आणि निम्म्या गावांत पुढच्या वर्षी, म्हणजे तुलना करता येईल. मोजमाप विभागाने स्वतः न करता एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समुदाय वैद्यक विभागाकडे द्यावे, पालकांबरोबर मुलांनाही विचारावे, आणि आलेले निष्कर्ष गैरसोयीचे असले तरी प्रसिद्ध करावेत. आपल्या वृत्तपत्राच्या जिल्हा प्रतिनिधींनी पुढच्या पालक मेळाव्याची बातमी देताना पाहुण्यांची नावे छापावीतच, पण त्या दिवशी एखाद्या पालकाला एकदा तरी बोलायला मिळाले का, तेही विचारून छापावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त पर्यवेक्षिका,
एकात्मिक बालविकास सेवा योजना, जि. बीड